‘ढग होते, पाहिलं नाही’: बॅबिलॉनची सातशे वर्षांची नोंदवही



आजचा प्रश्न असा, की जुन्या काळातले लोक आकाशाकडे बघून नेमकं करायचे काय? विषय अफाट आहे. इजिप्त आहे, माया लोक आहेत, चीन आहे, आपला भारत आहे. सगळं एका भागात कोंबलं तर कशालाच न्याय मिळणार नाही. म्हणून आज एकच शहर घेऊ, बॅबिलॉन. आजच्या इराकमध्ये, बगदादच्या दक्षिणेला. आणि सुरुवात करू एका अशा माणसापासून, ज्याचा जीव चंद्रग्रहणामुळे गेला.

शंभर दिवसांचा राजा

त्याचं नाव दम्की. काळ इसवी सनापूर्वी 671 च्या आसपासचा. त्या वेळी असिरियाचा सम्राट होता एसरहद्दोन. राजधानी निनेवे, आणि बॅबिलॉनही त्याच्याच ताब्यात. दम्की हा अक्कद शहरातल्या मंदिराच्या मुख्य अधिकाऱ्याचा मुलगा, म्हणजे चांगल्या घरातला.

ग्रहण लागलं. दरबारातल्या पंडितांनी अर्थ लावला, की राजाच्या जिवाला धोका आहे. आता यावर त्यांच्याकडे एक ठरलेला उपाय होता. खऱ्या राजाने बाजूला व्हायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी सिंहासनावर बसवायचं. त्याला राजवस्त्रं द्यायची, एक ‘राणी’ द्यायची, आणि सगळे अपशकुन त्याच्या अंगावर घालायचे. हा प्रकार जास्तीत जास्त शंभर दिवस चालायचा. या काळात खऱ्या राजाला दरबारी लोक पत्रात ‘शेतकरी’ म्हणून संबोधायचे. म्हणजे वरून देव बघत असले तरी त्यांना वाटावं, राजा तो तिकडे बसलाय, हा तर साधा शेतकरी!

मुदत संपली की बदली राजाला मारलं जायचं. अपशकुन खरा झाला, राजा मेला, हिशेब पूर्ण. मग खरा राजा परत गादीवर.

मार-इस्सार नावाचा एसरहद्दोनचा एक अधिकारी बॅबिलॉन भागातून त्याला पत्रं पाठवायचा. मातीच्या पाटीवर लिहिलेलं त्याचं एक पत्र आज उपलब्ध आहे. त्यात तो कळवतो, की दम्की आणि त्याची राणी राजाच्या बदली मरण पावले, त्यांना सजवून, मानाने पुरलं, त्यांच्यासाठी शोक केला, आणि सगळे अपशकुन आता रद्द झाले आहेत. भाषा अगदी सरकारी. काम पूर्ण, अहवाल सादर.

हे ऐकून ‘अंधश्रद्धा होती, विषय संपला’ असं म्हणणं सोपं आहे. पण तिथेच थांबलो तर पुढची खरी गोष्ट हातातून जाते. कारण ज्या भीतीने दम्कीचा जीव घेतला, त्याच भीतीतून माणसाच्या इतिहासातली सगळ्यात लांब चाललेल्या निरीक्षणांपैकी एक नोंदवही जन्माला आली.

आकाश म्हणजे आलेला मेसेज

बॅबिलॉनच्या लोकांसाठी आकाश म्हणजे देवांनी लिहिलेला मजकूर. ग्रहण, चंद्राभोवतीचं खळं, एखादा ग्रह दिसेनासा होणं, हे सगळे निरोप. ते वाचायचे कसे, यासाठी त्यांच्याकडे ‘एनुमा अनु एन्लिल’ नावाचा संग्रह होता. साधारण 70 पाट्या आणि त्यात जवळपास 7000 शकुन. प्रत्येक शकुनाचा साचा एकच: जर आकाशात असं दिसलं, तर पृथ्वीवर तसं घडेल. ज्यांनी थोडंफार कोडिंग केलंय त्यांनी ओळखलं असेल, हे तर सरळ इफ-एल्स आहे. सात हजार इफ-एल्स.

आणि नियम बारीक होते. चंद्राच्या बिंबाचे चार भाग कल्पून प्रत्येक भाग एकेका देशाला दिला होता: अक्कद, एलाम, अमुरू आणि सुबार्तू. सावली कुठल्या भागावर पडली यावरून कुठल्या देशाच्या राजावर संकट ते ठरायचं. महिना कुठला, तारीख कुठली, रात्रीचा कुठला प्रहर, हेही बघायचं. आणि ग्रहणाच्या वेळी गुरू ग्रह दिसत असेल तर राजा सुरक्षित!

आता विचार करा, असे नियम असतील तर आकाशाकडे बघणाऱ्या माणसाला काय काय टिपावं लागेल? नुसतं ‘ग्रहण झालं’ लिहून भागणार नाही. किती वाजता लागलं, कुठल्या बाजूने लागलं, किती झाकलं, त्या वेळी कुठले ग्रह वर होते, सगळं लिहावं लागेल. चुकीची नोंद म्हणजे चुकीचा अर्थ, आणि चुकीच्या अर्थाने एखाद्याचा जीव जाईल. अचूकपणाची सवय लागली ती अशी.

रोज रात्री, न चुकता

इसवी सनानंतर दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियामध्ये टॉलेमी नावाचा मोठा खगोलशास्त्रज्ञ होऊन गेला. तो सांगतो, की जुनी निरीक्षणं आपल्याकडे राजा नबोनस्सारच्या काळापासून, म्हणजे इ.स.पू. 747 पासून, टिकून आहेत. हा नबोनस्सार बॅबिलॉनचा राजा. टॉलेमीने आपल्या गणितात बॅबिलॉनचं इ.स.पू. 721 मधलं चंद्रग्रहण वापरलंय. म्हणजे त्याच्या हातातला डेटा तेव्हाच साडेआठशे वर्षं जुना होता.

बॅबिलॉनच्या या नोंदींना आज ‘खगोलीय रोजनिशी’ म्हणतात. आपल्याला सापडलेली सगळ्यात जुनी रोजनिशी इ.स.पू. 652 ची आहे आणि शेवटची इ.स.पू. 61 ची. मधल्या काळात असिरियाचं साम्राज्य बुडालं, नबुखद्नेस्सार येऊन गेला, इराणी सम्राट आले, अलेक्झांडर आला, मग ग्रीक राजे, मग पार्थियन. मालक बदलत गेले, नोंदवही चालू राहिली.

एका महिन्याच्या नोंदीत काय असायचं? रोज चंद्र कुठल्या ताऱ्याजवळ होता आणि त्यापासून किती अंतरावर. ग्रह कुठे होते. पाऊस, वारा, वीज. आणि महिन्याच्या शेवटी एक वेगळीच यादी: एका शेकेल चांदीत जव किती मिळाले, खजूर किती, तीळ किती, लोकर किती. युफ्रेटिस नदीचं पाणी किती चढलं, किती उतरलं. शहरात काय खास घडलं. म्हणजे पंचांग, हवामान खातं आणि बाजारभाव, सगळं एकाच पाटीवर. आज अर्थशास्त्राचे इतिहासकार याच पाट्यांवरून बॅबिलॉनमधल्या महागाईचा अभ्यास करतात. इ.स.पू. 164 आणि इ.स.पू. 87 मध्ये दिसलेला हॅलेचा धूमकेतूही यांत आहे.

इ.स.पू. 323 च्या जून महिन्यातली नोंद तर प्रसिद्धच आहे. महिन्याचा 29 वा दिवस. तिथे एवढंच आहे, की राजा मरण पावला, आणि ढग होते. हा राजा म्हणजे अलेक्झांडर. अर्धं जग जिंकलेला माणूस गेला, आणि त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या लेखकाने त्याला जेवढी जागा दिली, जवळपास तेवढीच ढगांना दिली.

पण मला या पाट्यांमधली सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळी आहे. आकाश झाकलेलं असेल तर हे लोक गणिताने किंवा अंदाजाने काढलेला आकडा लिहायचे, पण त्याच्याशेजारी एक छोटी खूण करायचे. तिचा अर्थ: ‘पाहिलं नाही.’

ऐकायला किरकोळ वाटतं. पण मी दिवसभर ज्या कामात असतो, तिथे याची किंमत रोज कळते. सेन्सरने शून्य पाठवलं आणि सेन्सरने काहीच पाठवलं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या जागी गुपचूप शून्य भरलं की रिपोर्ट सुंदर दिसतो आणि निर्णय चुकतो. अडीच हजार वर्षांपूर्वी ओल्या मातीवर बोरूने खुणा उमटवणाऱ्या माणसाला हा फरक माहीत होता. डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं, हिशेबाने काढलेलं वेगळं, आणि दोन्ही मिसळायचं नाही.

अधिक महिना आणि हमुराबीचा टॅक्स

आता आकाशाचा रोजचा उपयोग बघू, कारण सगळंच काही भीतीपोटी नव्हतं.

बॅबिलॉनचा महिना चंद्रावर चालायचा. अशा 12 महिन्यांचं वर्ष भरतं साधारण 354 दिवसांचं. ऋतू चालतात सूर्यावर, म्हणजे 365 दिवसांवर. दरवर्षी 11 दिवसांचा फरक. दुर्लक्ष केलं तर काही वर्षांत कापणीचा सण पेरणीच्या वेळी येईल. उपाय काय? अधूनमधून एक महिना जास्तीचा घालायचा.

हे तुम्हाला ओळखीचं वाटतंय ना? बरोबर, अधिक महिना. आपल्या घरी जावयाला अनारसे मिळतात तो धोंड्याचा महिना! आपला नियम वेगळा आहे. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिक. पण अडचण तीच.

बॅबिलॉनमध्ये सुरुवातीला हा निर्णय राजा घ्यायचा. इ.स.पू. 18 व्या शतकातला हमुराबी, तोच कायदेवाला, त्याचं एक पत्र मिळालंय. त्यात तो अधिकाऱ्याला कळवतो, की वर्ष मागे पडलंय, तेव्हा येणारा महिना ‘दुसरा उलूलू’ म्हणून नोंदवा. आणि लगेच पुढे: म्हणून कर भरायला एक महिना जास्त मिळाला असं समजू नका, कर ‘दुसऱ्या उलूलू’च्या 25 तारखेलाच बॅबिलॉनला पोचला पाहिजे! कॅलेंडर पुढे ढकललं, ड्यू डेट नाही.

राजाच्या मर्जीवर चालणाऱ्या या कॅलेंडरची जागा पुढे हिशेबाने घेतली. इ.स.पू. पाचव्या शतकापासून बॅबिलॉनमध्ये पक्का नियम दिसतो: 19 वर्षांत 7 अधिक महिने. 19 गुणिले 12 म्हणजे 228, अधिक 7, एकूण 235 महिने. आणि 235 चांद्र महिने म्हणजे जवळजवळ तंतोतंत 19 सौर वर्षं.

खात्री करायची असेल तर घरातली जुनी कालनिर्णय काढा. 2004 मध्ये अधिक श्रावण होता, 2023 मध्येही अधिक श्रावण. 2007 मध्ये अधिक ज्येष्ठ, 2026 मध्येही अधिक ज्येष्ठ. मध्ये बरोबर 19 वर्षं. बॅबिलॉनच्या लेखकांनी नोंदींमधून जे पकडलं, ते आपल्या भिंतीवर टांगलेलं आहे.

ग्रहणाचा पॅटर्न

नोंदवही पुरेशी जाड झाली की तिच्यात पॅटर्न दिसायला लागतात. बॅबिलॉनच्या लोकांनी इ.स.पू. 747 पासूनची चंद्रग्रहणं 18-18 वर्षांच्या रकान्यांत मांडून ठेवलेल्या पाट्या सापडल्या आहेत. एक रकाना दुसऱ्याशेजारी ठेवला की ग्रहणं समोरासमोर येतात.

याचं कारण असं. 223 चांद्र महिने म्हणजे 18 वर्षं, साधारण 11 दिवस आणि वर 8 तास. एवढ्या काळाने सूर्य, पृथ्वी आणि चंद्र पुन्हा जवळजवळ त्याच स्थितीत येतात. आज आपण याला सॅरोस चक्र म्हणतो. आपल्या आठवणीतलं उदाहरण घेऊ. 7 सप्टेंबर 2025 च्या रात्री महाराष्ट्रातून खग्रास चंद्रग्रहण दिसलं. त्याच्या एक सॅरोस आधीचं ग्रहण होतं 28 ऑगस्ट 2007 चं. पण ते मुंबई-पुण्यातून दिसलं नाही, कारण ग्रहण भरात असताना आपल्याकडे दुपारचे चार वाजले होते. हाच तो वरच्या 8 तासांचा घोळ. तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश फेरी जास्त फिरते आणि ग्रहण जगाच्या दुसऱ्या बाजूला जातं. याच मालिकेतलं पुढचं ग्रहण 19 सप्टेंबर 2043 चं, तेव्हा आपल्याकडे सकाळ झालेली असेल.

ग्रहांसाठीही त्यांनी असेच आकडे काढले होते. शुक्र 8 वर्षांनी, शनी 59 वर्षांनी, गुरू 71 किंवा 83 वर्षांनी, मंगळ 47 किंवा 79 वर्षांनी साधारण त्याच तारखांना त्याच जागी येतो. म्हणजे येत्या वर्षी शुक्र कुठे असेल हे सांगायला वेगळी थिअरी नको. 8 वर्षांपूर्वीची पाटी काढा, बघा. शनीसाठी 59 वर्षांपूर्वीची. एका माणसाच्या आयुष्यात शनीचं एक चक्र जेमतेम पूर्ण होतं, म्हणजे बघणारा एक आणि वापरणारा त्याचा नातू.

आणि पुढे त्यांचं गणितही कुठल्या कुठे गेलं. इतिहासकार मॅथ्यू ओसेनड्रायव्हर यांनी 2016 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की इ.स.पू. 350 ते 50 या काळातल्या पाट्यांवर गुरूने कापलेलं अंतर काढण्यासाठी समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ वापरलंय. अकरावीच्या फिजिक्समध्ये वेग आणि काळाचा आलेख काढून त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर, हे शिकलो होतो ना? तेच. युरोपात ही कल्पना 14 व्या शतकातली समजली जायची.

मग भीती गेली का?

इथे गोष्ट छान संपवता आली असती: गणित आलं आणि भीती पळाली. पण तसं झालं नाही.

अलेक्झांडर मरण्याच्या थोडं आधी बॅबिलॉनमध्ये एक अनोळखी माणूस येऊन त्याच्या सिंहासनावर बसला, आणि त्याला मारून टाकलं, असं ग्रीक लेखक सांगतात. ग्रीकांना तो प्रकार कळलाच नाही. काही इतिहासकारांना त्यात बदली राजाचा तोच जुना विधी दिसतो. म्हणजे दम्कीनंतर साडेतीनशे वर्षांनीही, आणि तेही ग्रहणांचं चक्र माहीत असलेल्या शहरात.

रोजनिशी लिहिणारे हे लोक मंदिराचेच नोकर होते. त्यांच्या पदाचं नावच ‘एनुमा अनु एन्लिलचे लेखक’ असं होतं. इ.स.पू. दुसऱ्या शतकातली एसागिला मंदिराच्या सभेची काही कागदपत्रं, म्हणजे पाट्याच, मिळाल्या आहेत. त्यांत वडिलांच्या जागी मुलांना घ्यायचं ठरतं, वडिलांचं मानधन त्यांना लागू होतं. अट एकच: त्यांना निरीक्षणं करता येतात हे सिद्ध झालं पाहिजे. तेव्हा पुजारी आणि शास्त्रज्ञ अशी दोन माणसं तिथे शोधू नका. रात्री काटेकोर नोंद करणारा आणि त्या नोंदीत देवाचा निरोप वाचणारा माणूस एकच होता. ज्ञान वाढलं म्हणून दम्कीसारख्यांचा जीव आपोआप वाचला नाही. त्यासाठी कुणीतरी सिंहासनासमोर उभं राहून ‘हे थांबवा’ म्हणायला हवं होतं, आणि ते काम गणित करत नाही.

मग त्या सातशे वर्षांच्या जागरणाचं फळ काय?

आठ लाख दिवसांनंतर

15 एप्रिल, इ.स.पू. 136. बॅबिलॉनमधली सकाळ. रोजनिशीत नोंद आहे, की सूर्योदयानंतर 24 अंशांनी सूर्यग्रहण लागलं. त्यांच्या मापात एक अंश म्हणजे आपली 4 मिनिटं, म्हणून 96 मिनिटांनी. पुढच्या 18 अंशांत, म्हणजे 72 मिनिटांत, सूर्य पूर्ण झाकला गेला. शुक्र आणि बुध दिसले, तारे दिसले, आणि एरवी त्या दिवसांत न दिसणारे गुरू आणि मंगळही दिसले. भर सकाळी चार ग्रह! त्या लेखकाच्या अंगावर काटा आला असेल, पण नोंदीत तो कुठेच नाही. आहेत ते आकडे.

इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाचे रिचर्ड स्टीफन्सन यांनी अशा जुन्या ग्रहणांचा अनेक वर्षं अभ्यास केला. पृथ्वी आजच्याच वेगाने कायम फिरत आली असं धरून हिशेब मागे नेला, तर या खग्रास ग्रहणाचा पट्टा बॅबिलॉनवरून जातच नाही. तो पश्चिमेला जवळपास 49 अंश सरकतो, स्पेनजवळच्या मायोर्का बेटाच्या बाजूला. पण पाटी सांगते, बॅबिलॉनमध्ये पूर्ण अंधार झाला होता.

पाटी बरोबर आहे. फरक पृथ्वीच्या फिरण्यात आहे. चंद्रामुळे समुद्राला भरती-ओहोटी येते, त्या घर्षणाने पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंदावतं आणि दिवस लांबतो. किती? स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार शंभर वर्षांत सरासरी 1.8 मिलीसेकंदाच्या आसपास. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट जास्त वेळ लागतो. पण त्या सकाळपासून आजपर्यंत जवळपास आठ लाख दिवस झालेत. रोजचे ते काही मिलीसेकंद साठत साठत सव्वातीन तास झाले. सर्व्हरचं घड्याळ रोज थोडं थोडं सरकत गेलं की एक दिवस लॉग जुळत नाहीत, तसंच. फक्त इथे सरकणारं घड्याळ म्हणजे आपली पृथ्वी आहे, आणि तपासायला मातीचा लॉग.

आणि हा लॉग आपण मानतो का? कारण तो लिहिणाऱ्यांनी शेकडो वर्षं, दिसलं नाही तिथे ‘पाहिलं नाही’ असं लिहून ठेवलं. म्हणून जिथे त्यांनी ‘पाहिलं’ म्हटलंय, तिथे आज दोन हजार वर्षांनी आपण डोळे झाकून विश्वास ठेवू शकतो. त्या ढगाळ रात्रीच्या कंटाळवाण्या नोंदी या एका सकाळच्या नोंदीला साक्षीदार म्हणून उभ्या आहेत. पृथ्वीचा वेग मोजायला आपण हे वापरू, अशी कल्पना त्यांतल्या एकाच्याही डोक्यात नव्हती. त्यांना फक्त आजची रात्र नीट लिहायची होती.

तर मंडळी, आज रात्री गच्चीत किंवा खिडकीत जाऊन चंद्र कुठे आहे ते बघा. तारीख, वेळ, शेजारी कुठला ठळक तारा दिसतो, फोनच्या नोट्समध्ये एक ओळ टाका. महिनाभर रोज. मुंबई-कोकणात असाल आणि पावसाळा असेल तर काय लिहायचं ते तुम्हाला आता माहीत आहेच.